वीतभर पेटी

दि. ४ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी वस्तुस्थिती, क्रमाने. एक: वडिलांची फिरतीची लाकडी पेटी वाळवीने खाल्ली आणि गेल्या वर्षी तू ती मला न विचारता टाकून दिलीस. दोन: वृद्धाश्रमात गेल्यापासून वडील रोज पेटी मागतात, सामान आले नाही म्हणजे आपण अजून वाटेतच आहोत असे समजून अंगातला कोट काढत नाहीत, अंथरुणाला पाठ टेकत नाहीत. तीन: म्हणून तू आठवणीवरून तिची वीतभर प्रतिकृती केलीस. चार: ती मी एकदा नजरेखालून घालावी म्हणून माझ्याकडे पाठवलीस.

घातली. चहाच्या पाण्यात बुडवून लाकूड जुने होत नाही, फक्त ओले होते. तुझ्या बिजागऱ्या किल्ल्याच्या दरवाजाला शोभतील. कुलपाच्या जागी चक्क बटण! आणि मागचा उजवा कोपरा? बाकीचे तीन कोरे करकरीत, हा एकटा उंदराने कुरतडल्यासारखा. पेटी चारही कोपऱ्यांनी झिजते. संग्रहालयात माझ्या हाताखालून गेलेल्या सव्वीस पेट्या साक्षीला आहेत.

मी तो कोपरा तुकडा जोडून भरला, चारही सारखे झिजवले, व्हिनेगरात लोखंडाचा कीस भिजवून ते पाणी लाकडाला दिले, वर मेण चोळले. जोड सापडला तर दाखव. पेटी परस्पर वडिलांकडे रवाना केली आहे. आभार नकोत, शिकून घे.

लोभ आहेच, तुझी नजर तेवढी वाढो.

तुझा,
दादा

दि. १३ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

पेटी पोचली. देखणी आहे. तिथली परिचारिका म्हणाली, शंभर वर्षांची वाटते. वडिलांनी मांडीवर घेऊन मागच्या उजव्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला, मग चारही कोपरे चाचपले, आणि म्हणाले की ही कुणा दुसऱ्याची आलीय, तो बिचारा शोधत असेल, त्याला देऊन टाका. मालक येईल म्हणून दाराशी ठेवली आहे. कोट अंगावरच. खुर्चीत बसून झोपतात. पाय सुजून भोपळे झालेत.

तू दहाव्या वर्षी शिष्यवृत्ती घेऊन वसतिगृहात गेलास. वडिलांचा उजवा खांदा निखळला तो त्यानंतर. मग ते एकच कडी डाव्या हाताने धरून पेटी तिरकी ओढत आणायचे, आणि जिन्याच्या दर पायरीवर तोच कोपरा आपटायचा. बारा ठोके झाले की मी दार उघडायचे. कुलपाची चकती हरवल्यावर तिथे कोटाचे बटणही त्यांनीच ठोकले होते. तुझे सव्वीस साक्षीदार त्या जिन्यात नव्हते, दादा. तूही नव्हतास.

लोभ राहू दे, दुरुस्त्या नकोत.

तुझी,
धाकटी

दि. १७ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

वडिलांना भेटून आलो. त्यांनी मला पेटीचा मालक समजून ती माझ्या हातात दिली, आणि आपले सामान असे दुसऱ्याच्या दारात टाकून जायचे नसते म्हणून चांगले खडसावले. मी माफी मागितली आणि पेटी घेऊन निघालो. दुसरे काय करणार? माझीच तर होती.

घरी येऊन कोपऱ्याचा जोड उखडायला बसलो, निघेना. इतके चोख आणि इतके निरुपयोगी काम माझ्या हातून पूर्वी झाले नव्हते, किंवा झाले असल्यास ते मला कुणी सांगितले नाही.

नवी पेटी करायला घेतली आहे. चहात बुडवणार नाही, तेवढा अधिकार राखून ठेवतो. बाकी माहिती तुझ्याकडे आहे. कोपरा किती झिजला होता? गोल की तिरपा? लाकूड उघडे पडले होते की मळाने काळे? बटणाला भोके दोन की चार? वडील जिन्यात मध्येच थांबत का, थांबले तर कितव्या पायरीवर? पेटी टेकवत की तोलून धरत? दार उघडल्यावर आधी काय म्हणत?

शेवटच्या प्रश्नाचा सुतारकामाशी संबंध नाही. तरी उत्तर हवे आहे.

फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मापे चुकतात. 'साधारण' हा शब्द आढळल्यास पत्र परत पाठवीन. शनिवारच्या आत, प्रश्नवार, शाईने लिहून कळव.

दादा