शिवणयंत्राच्या खणातलं गाणं

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (एरवी नुसता नमस्कार लिहितो, आज जमिनीवर आडवा का झालो ते पुढे कळेल.) गुडघे काय म्हणतात? जिना एका दमात चढू नकोस. इकडे सगळे मजेत.

तर, मागच्या खेपेला तू मला शिवणयंत्राच्या खणातली कात्री आणायला सांगितलीस, तेव्हा कात्रीबरोबर एक बिननावाची कॅसेट माझ्या खिशात आली. (आली म्हणजे मी घातली.) आमच्या गल्लीतल्या चष्मेवाल्यांच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी सकाळी आम्ही चौघं गाणंवेडे जमतो: चष्मेवाले, शेजारचे बूटवाले, शाळेतल्या भूगोलाच्या बाई आणि मी. ज्याची पाळी त्याने आपलं आवडतं ध्वनिमुद्रण आणायचं, पण कोण गातंय ते सांगायचं नाही; बाकीच्यांनी ओळखायचं. माझ्याकडचं सगळं ऐकवून संपलं होतं, म्हणून ही कॅसेट नेली. कोण गातंय ते मलाही ठाऊक नसल्यामुळे नियम पाळणं सोपं गेलं.

काय सांगू तुला! साथीला नुसता तंबोरा, खर्जातला घनगंभीर पुरुषी आवाज, आणि लय इतकी संथ की एक ओळ पुरी होईस्तोवर बूटवाल्यांचा चहा पिऊन व्हायचा. अठराव्या मिनिटाला कॅसेट वाजवायचं यंत्र दम टाकायचं, पण तेवढ्यावरच आम्ही गारद. भूगोलाच्या बाईंनी डोळे पुसले. चष्मेवाल्यांनी छातीठोकपणे सांगितलं, की गवई सत्तरीचा, अंगाने आडवा आणि मिशा भरघोस. मी जाणकारासारखी मान डोलावली. तीन रविवार आम्ही दुसरं काही ऐकलं नाही.

चौथ्या रविवारी चष्मेवाल्यांनी यंत्राचा सैल पडलेला पट्टा बदलला. कळ दाबली आणि मिशा गेल्या. बाईचा आवाज! सैल पट्ट्यामुळे कॅसेट इतके दिवस रेंगाळत फिरत होती, म्हणून तो जाडा ऐकू यायचा. तरुण, निर्मळ, आणि गाणं आधीपेक्षा दसपट सुंदर. अंगावर काटा आला. बूटवाल्यांचा चहा तसाच गार झाला. या वेळी यंत्र थांबलं नाही. तान वर वर चढत गेली, आता टोकाला पोचणार, एवढ्यात, "अगं बाई, दूध!" मग तंबोरा खाली टेकल्याचा आवाज, धावती पावलं, आणि नुसती खरखर.

ही हाक मी जन्मापासून ऐकतोय, आत्या. "मला कुठं गाता येतं" म्हणून आम्हाला उडवून लावणारी तू! बाजू संपेपर्यंत आम्ही चौघं ती खरखर ऐकत बसलो, तू परत येशील म्हणून. तू आलीच नाहीस. मला रडू आलं. इतकी वर्षं तुझ्या हातचं मागून मागून खाल्लं, पण गा म्हणून कधी धरून बसलो नाही.

तुझा,
चोर भाचा

ता. क. कॅसेट टपालाने पाठवायचा धीर होत नाही. येत्या रविवारी सकाळी स्वतःच घेऊन येतो. बरोबर ते तिघंही आहेत. राहिलेलं गाणं ऐकायचंय. गळा गेला वगैरे सांगू नकोस. शिवताना गुणगुणतेस ते जिन्यापर्यंत ऐकू येतं.

आणखी एक. दूध आम्ही तापवूनच आणतोय.