मोटार भरण्याचा वर्ग

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज सकाळपासून मला तुमचाच राग येतो आहे. सोसायटीच्या गोदामाची किल्ली माझ्या हातात ठेवून तुम्ही मोकळे झालात. 'तुला बोलता येतं, लोक तुझं ऐकतात, वर्ग बंद पडू देऊ नकोस,' एवढंच म्हणालात. नुसतं बोलता येणाऱ्या माणसाच्या हाती वर्ग द्यायचा नसतो, हे तुमच्यासारख्या शहाण्याला कळू नये?

तुम्ही वर्ग सुरू केलात त्या दुष्काळात खत घेणारंच कुणी नव्हतं, म्हणून गोदाम रिकामं होतं आणि वर्ग तिथंच भरायचा. विहिरी आटलेल्या, मोटारी वर काढून अंगणात टाकलेल्या. तुम्ही सायकलवर गावोगाव सांगत फिरता आहात की पाणी असताना कुणी मोटारीला हात लावू देत नाही, आता उघडा, जळलेली तार काढा, नवी भरायला शिका. ऊसतोडीची माणसं कारखान्यावरून परतली की वर्ग सुरू, दसऱ्यानंतर ती निघाली की बंद. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून तुम्ही वर्गातही दोघांची नावं लिहायचात. 'बाया काय मोटारी भरणार?' म्हणून कुणीतरी हसलं, तेव्हा तुम्ही मान वर न करता म्हणालात, 'फडात अर्धा कोयता तिचा, मग हितं कावून न्हाई?' मला राहवलं नाही, मी उभा राहून त्यावर चांगली दहा मिनिटं बोललो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि तारेचं वेटोळं माझ्या पुढ्यात टाकलंत. 'झालं असंल तर बस बे खाली. हात चालव.'

आता शिरूरला आमचं प्रशिक्षण केंद्र आहे. नवी यंत्रं आहेत, फळा आहे, भिंतीवर पाहुण्यांचे फोटो आहेत. वर्ग मात्र दिवाळीनंतर सुरू होतो, कारण उद्घाटनाच्या पाहुण्यांना तेव्हा सवड असते आणि मंडपाला पावसाची भीती नसते. तेव्हा गावांत म्हातारी माणसं आणि कुत्री उरतात. दरवर्षी बाकं रिकामी राहतात आणि दरवर्षी आम्ही समितीत बसून चहा पीत म्हणतो की लोकांनाच शिकायची हौस नाही. त्या वेळापत्रकावर माझी सही आहे, सर. कष्टकऱ्यांच्या शिक्षणावर मी तासभर टाळ्या घेतो आणि खाली उतरून त्याच कागदावर सही करतो.

यंदाही पाऊस नाही, मोटारी पुन्हा अंगणात आल्या आहेत. आज सकाळी चाळिशीची एक बाई केंद्रावर आली. नवऱ्याचा गुडघा गेला आहे, तो या हंगामात फडात उभा राहू शकणार नाही. मोटारी भरायला शिकली तर गावातच काम मिळेल, नाहीतर दसऱ्यानंतर थोरल्या मुलीची शाळा सोडवून तिलाच जोडीला न्यावं लागेल. कारकून म्हणाला, 'दिवाळीनंतर या.' ती म्हणाली, 'दिवाळीला आमी फडात ऊस तोडीत असतो. तुमाला ठावं न्हाई व्हय?' मी मध्ये पडलो, व्यवस्थेचं कसं चुकतं ते समजावू लागलो. तिनं पदरानं तोंड पुसत सगळं ऐकलं. 'साहेब, लई चांगलं बोलता. मागच्या साली जत्रंत बी ऐकलंतं. पर गोदामाची किल्ली तुमच्यापाशी हाय म्हणतेत. मी आत्ता घरीच हाय. तुमी त्या सरांच्या हाताखाली शिकलेले, मग तुमीच शिकवा की.'

मी म्हणालो, मला वेळ नाही.

सर, वेळ आहे. मला मोटार भरता येत नाही, कधीच आली नाही. परीक्षेच्या दिवशी जी मोटार चालू करून तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत, ती शेजारी बसणाऱ्यानं भरली होती. मी बाहेर पोरांना कामाची प्रतिष्ठा समजावून सांगत होतो. त्याचं आता बसस्टँडमागे दुकान आहे. त्याला शिकवायला बोलवायचं तर तो पहिल्यांदा विचारणार, 'का रे, तुझा तर पहिला नंबर होता?' म्हणून इतकी वर्षं मी त्या गल्लीनं जातच नाही. दसऱ्याला अजून अवकाश आहे. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. त्याचं दुकान कुठे आहे ते माहीत आहे.