कंपनीचा खुलासा

सर, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. बाकी सगळ्यांशी भांडून झालं. दोन दुकानदार झाले, एक पत्रकार झाला, लेकीनं नेमलेली पुण्याची प्रसिद्धी एजन्सी झाली. त्या एजन्सीची बाई फोनवर म्हणते, "मॅम, निगेटिव्हिटीला उत्तरच द्यायचं नाही, आपण एक छान पॉझिटिव्ह रील करू." मी म्हटलं, "बाई, बिस्किटात अळ्या निघाल्या आहेत. त्यांना नाचवायचं का रीलमध्ये?" तिनं फोन ठेवला. माझी जीभ अजून तशीच आहे, सर. उपयोग मात्र शून्य.

लेक अमरावतीत ज्वारीची बिस्किटं करते. एमआयडीसीत एक शेड, एक भट्टी आणि चौदा बायका. नऊ दिवसांपूर्वी दर्यापूरच्या एका आईनं व्हिडिओ टाकला. तिनं पुडा उपडा केला होता आणि ताटलीत अळ्या वळवळत होत्या. तिच्या चार वर्षांच्या मुलीनं त्यातली दोन बिस्किटं आधीच खाल्ली होती. मुलगी बरी आहे, पण व्हिडिओ संध्याकाळपर्यंत अकोल्याला पोचला होता. ज्या शाळांना आमचा खाऊ जायचा त्यांनी तो थांबवला. उद्या त्या शाळांच्या संस्थेची बैठक आहे. तिथे नाही म्हणाले, तर भट्टी पुन्हा पेटायची नाही. लेक शेडमध्ये रिकाम्या ट्रेसमोर बसून असते. मला तिच्याकडे बघवत नाही.

मी तुमच्या हाताखाली आले तेव्हा मला वाटायचं, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीला अकोल्याच्या तेलगिरणीत कोण काय शिकवणार. पहिली प्रेसनोट मी इंग्रजीत लिहून आणली. तुम्ही ती चष्म्याखालून पाहिली आणि म्हणालात, "हे कोनासाठी लिहून राहिली बाई तू? इंग्लंडच्या रानीले आपलं सरकीचं तेल पाहिजे काय?" सगळं ऑफिस हसलं. मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही मात्र रोज मला सोबत घेऊन वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत जायचात, हातात काही नसताना. उपसंपादकाच्या टेबलाशी बसून त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची आणि उठायचं. मी चिडायचे. "बातमी घेऊन तर सारेच जातात," तुम्ही म्हणायचात, "बातमी नसताना जाय." नोट एका पानाची हवी, चारच्या आत पोचायला हवी, खाली ज्याचा फोन नंबर आहे त्यानं फोन उचलायला हवा. आणि हिंदी पेपरची नोट वेगळी. ती तुम्ही स्वतः लिहायचात, मराठीवरून उतरवून नव्हे, पहिल्यापासून. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. माझ्या लेखी हिंदी म्हणजे भाजीबाजारात घासाघीस करायची भाषा.

एक दिवस विसरता येत नाही. गिरणीत वाफेची नळी फुटून एक कामगार भाजला आणि मी जागेवर बसून नोट तयार केली, "एक कामगार किरकोळ जखमी." तुम्ही ती वाचली, घडी करून खिशात घातली आणि मला स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलंत. वॉर्डच्या दाराशी त्याची बायको उकिडवी बसली आहे. तुम्ही खिशातून कागद काढता, माझ्या हातात देता. "वाच, तिच्यापुढं वाच." मी "एक कामगार" इथपर्यंत येते. पुढचा शब्द तोंडातून निघत नाही. ती बाई वर बघते आहे. "काहून थांबली?" तुम्ही हळूच विचारता. नवी नोट मी दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहिली.

आणि तरीही, सर. लेक पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "आई, आपण दोघी दर्यापूरला जाऊ. त्या बाईला भेटू, मुलीला बघू, मग बाकीचं." मी म्हटलं, "तिच्या दारात गेलो की चूक कबूल केल्यासारखं होतं. पस्तीस वर्षं हे काम केलंय मी, तू मध्ये पडू नकोस." मी टेबलाशी बसले आणि झकास नोट लिहिली. नमुने तपासणीला पाठवले आहेत, त्या तारखेचा माल परत मागवला आहे, अहवाल येताच जाहीर करू. सगळं खरं होतं. वर ठळक मथळा दिला, "बिस्किटांतील अळ्या : कंपनीचा खुलासा." तीच नोट, तोच मथळा, मराठी दैनिकांना आणि अकोल्याच्या हिंदी पोर्टललाही एकाच वेळी पाठवून दिला.

आपल्याकडे खुलासा म्हणजे आपली बाजू स्पष्ट करणं. हिंदीत खुलासा म्हणजे लपवलेलं उघडं पडणं. पोर्टलवर तासाभरात झळकलं, "बिस्किट में इल्लियाँ, कंपनी का खुलासा." खालचा मजकूर कोण वाचतो? दुपारी चौदा जणींतली सगळ्यात थोरली बाई मोबाइल घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "मॅडम, हे काय करून बसल्या तुमी? कंपनीनंच कबूल केलं म्हनून राह्यले लोक. माह्या जावयाचा फोन आल्ता, मने तुमी अळ्यायची बिस्किटं बनवता काय." मला तिच्याकडे मान वर करून बघता आलं नाही.

लेकीनं पोर्टलच्या त्या पत्रकाराला फोन लावला. मी शेजारी बसले होते. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, हेडिंग तुमच्याच मेलमध्ये आहे, मी फक्त हिंदी केलं." लेक भडकली. "माझ्या आईची सगळी हयात ह्या कामात गेली आहे. ती असला मथळा देणारच नाही. खोटं बोलू नका." त्यानं फोन कापला. आज तपासणीचा अहवाल आला. आमच्या शेडमधल्या नमुन्यांत काही निघालं नाही. हे उद्याच्या बैठकीआधी लोकांपर्यंत जायला हवं, आणि जे पोर्टल सगळी गावं वाचतात तिथला माणूस आता आमचा फोन उचलत नाही. मी त्याला कधी बातमी नसताना भेटले नव्हते. दर्यापूरलाही अजून कोणी गेलेलं नाही.

लेक मघाशी म्हणाली, "आई, तो मेल दाखव ना. त्याच्या तोंडावर मारते." मी म्हटलं, शोधते.

तुम्हाला हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून लिहिता येतंय. मेल मला लगेच सापडला होता, सर. तो मी पुसून टाकला.