मेथीच्या लाडवांचा डबा

मुंबई, ३ डिसेंबर १९९३

ती. आईस इंदूचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. गळ्यावरचे टाके आता दिसतसुद्धा नाहीत. हे पत्र शेजारच्या पुष्पाबाईंकडून वाचून घे, आबांकडून नको.

गाठ काढली, तरी कॅन्सरचा अंश उरला असेल तर तो जाळायला एक औषध प्यायचं आहे. त्याआधी थायरॉइडची रोजची गोळी बंद ठेवायची, म्हणजे रक्तातला एक आकडा तीसच्या वर चढतो, तरच ते औषध लागू पडतं. मोह नको म्हणून मी गोळ्या सावद्याला तुझ्यापाशी ठेवल्या. दिवाळीत मला सुजलेली, पेंगुळलेली पाहून तू किती रडलीस! मग जीवरामभाऊंबरोबर मेथीचे लाडू पाठवलेस. रोज दोन खाते. खरं सांगू, तेव्हापासून तरतरी आली आहे.

काल आकडा आला. फक्त चार.

डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं, "चोरून गोळी घेता का?" मी देवाची शपथ घेतली. मग त्या म्हणाल्या, "तर कॅन्सरची गाठ अंगात बरीच उरली असेल, आणि तीच गोळीचं काम करत असेल."

थंडीनं केळी पिवळी पडली का? आबांचा खोकला कसा आहे?

व माय, तू लाडवांत गोळ्या कुटून घातल्यास का? मी रागावणार नाही. डॉक्टरीणबाईंची बोलणीही मीच खाईन. उरलेले लाडू तसेच ठेवलेत, कुणाला दिले नाहीत.

उलट टपाली एवढंच कळव. आणि 'हो' असंच कळव.

तुझी
इंदू