घुबड छाप परदेशी निघतं

३ जानेवारी, सकाळ
संकल्प : यंदा आपलं घुबड छाप कुलूप अकरा देशांत. चहा कमी. रोज चालणं.
घुबड बाबांनी तरुणपणी स्वतः काढलेलं. डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा. कारखान्याचं खरं भांडवल तेच, असं ते म्हणतात. मी म्हणतो, भांडवलाला पाय फुटले पाहिजेत. व्हिजन लागतं.

१९ जानेवारी
वकीलबाईंकडे गेलो. म्हणाल्या, घरच्या ट्रेडमार्कची मुदत मार्चमध्ये संपतेय, आधी तो रिन्यू करा. परदेशातले सगळे अर्ज त्याच्याच खांद्यावर उभे राहणार आहेत. मी हसलो. जगभर म्हटलं की त्यात घर आलंच. बाईंना मोठा विचार झेपत नाही. परदेशी अर्जांवर सह्या केल्या. छान वाटलं. म्हणजे फारसं काही वाटलं नाही, पण बाईंचं पेन चांगलं होतं.

२ फेब्रुवारी
चाललो नाही. गुडघा.

११ मार्च
जेवताना बाबांनी विचारलं, घुबडाचं झालं का? म्हटलं, होतंय. धाकट्यानं ताटातून मान वर केली. माझा हा भाऊ दिवसभर लेथवर असतो. त्याला यातलं ओ की ठो कळत नाही.

३० एप्रिल
बाईंचा फोन. मुदत संपली म्हणे. पण दंड भरून सहा महिने रिन्यू करता येतं. अहो, मग ओरडता कशाला!
बायको म्हणाली, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. तिला म्हटलं, घुबड पळत नसतं, उडतं. ती हसली नाही. मीही नाही.

१८ जून
एका देशातून हरकत. तिथल्या तिजोरीवाल्याचं आधीच घुबड आहे. कडक उत्तर लिहायचं ठरवलं. उद्या.

२० जून
उद्या.

९ ऑगस्ट
दहा देशांत मंजूर! केबिनमध्ये जगाचा नकाशा लावला, टाचण्या टोचल्या. बाबांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, आपल्या देशावर टाचणी नाही ती? म्हटलं, बाबा, घर गृहीत असतं. बरं, म्हणाले. जाताना दार धरून थोडे थांबले. भारावले असावेत.

१४ ऑक्टोबर
सहा महिने संपले. तरी वर्ष व्हायच्या आत अर्ज केला तर गेलेला ट्रेडमार्क परत मिळतो, असं बाईच म्हणाल्या. म्हणजे घाई नाहीच.

७ मार्च
परदेशी प्रदर्शनात आहे. स्टॉल कोपऱ्यात, जिन्याखाली. एका माणसानं कुलूप हातात घेतलं. त्याला टॉयलेट कुठे ते विचारायचं होतं. बाईंचे मिस्ड कॉल. परत गेल्यावर बघू.

५ मे
बाई आज ओरडल्या नाहीत, तिथेच मला कळायला हवं होतं. घरचा ट्रेडमार्क रजिस्टरमधून कायमचा गेला. त्यामुळे परदेशातले दहाही गेले. म्हटलं, नवा अर्ज करा. म्हणाल्या, घुबडाचा अर्ज आलाय आधीच. बाबा आणि धाकटा, दोघांच्या नावानं. माझं नाव नाही.
बायको म्हणाली, बैल गेला अन् झोपा केला.
बाबांना विचारलं, मला न सांगता? म्हणाले, तुला दोनदा विचारलं होतं. मग पेपर वाचू लागले. चिडले असते तर बरं झालं असतं. मलाही चिडता आलं असतं.

८ मे
धाकटा केबिनमध्ये आला. हात पुसूनच आला होता. म्हणाला, दादा, खुर्ची तुझीच राहील, फक्त सह्या आता मी करीन. विचारलं, मग मी दिवसभर करायचं काय? तो खाली बघत म्हणाला, तुला आवडेल ते कर.
मला काय आवडतं ते आठवत बसलो. जेवायची वेळ झाली तरी काही आठवलं नाही. मग डबा खाल्ला.