लाल ठिपका

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईचा गुडघा कसा आहे? मी या देशात कायमचं राहण्यासाठी अर्ज करतोय. कृत्रिम डोळे बनवणारा माझ्यासारखा कारागीर लाखात एक आहे, हे कागदोपत्री दाखवावं लागतं. वकीलबाई म्हणाल्या, स्वतःची स्तुती करताना लाजायचं नाही. ती अडचण मला कधीच नव्हती, हे तू जाणतेसच.

बाबांच्या कपाटात आपल्याकडे बनवलेल्या डोळ्यांच्या, बसवण्याआधीच्या फोटोंचा अल्बम आहे. त्यातले सर्वांत जिवंत वाटणारे बारा निवडून, मोठे करून पाठव. सप्टेंबरात माझा परवाना संपतो. अर्ज फेटाळला तर गाशा गुंडाळून परत यावं लागेल.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा

१९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोटो पाठवते आहे. गुडघा तसाच आहे, पण तू विचारलंस म्हणून आई दिवसभर खुशीत होती.

फोटो मोठे केले आणि बाबांची शिस्त दिसली. ज्याने बुबुळ रंगवलं त्याने वरच्या पापणीआड जाणाऱ्या कडेला आपला ठिपका द्यायचा. तुझा निळा, माझा लाल. बारांपैकी नऊ ठिपके लाल आहेत. साचे तू घेतलेस, डोळे तू बसवलेस, पेशंटशी गोड तूच बोललास. रंग मात्र माझा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं मी हसत लिहिते आहे.

इथल्या रुग्णालयाला डोळे बनवणारं माणूस हवंय. त्यांनी माझं स्वतःचं काम मागितलंय, म्हणून हेच नऊ फोटो मीही देणार आहे. तू तुझे तीन दे आणि बाकीचे दोघांनी मिळून केले असं लिही.

वेळेवर जेवत जा. लोभ आहे, तो टिकव.

तुझी ताई

११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वकीलबाई त्या ठिपक्यावर बेहद्द खूश झाल्या. म्हणाल्या, मोठ्या कलावंताची अशी खूण असतेच. निळे तीन त्यांनी काढून टाकले. लाल ठिपका ही माझी खूण, असं लिहून अर्ज गेलासुद्धा. आता हे काम माझंच, असं सांगणारं तज्ज्ञाचं पत्र हवंय. मसुदा सोबत आहे. नातेवाइकाचं चालत नाही, म्हणून लग्नानंतरच्या आडनावाने सही कर.

रुग्णालयाला ते फोटो देऊ नकोस. दोन्हीकडे दिसले तर माझी पंचाईत होईल. तुला घरी बसून कागदांची काय गरज?

तुझ्या मायेवरच हे मागतोय.

तुझा धाकटा

२ ऑगस्ट

महोदय,
स. न. वि. वि.

आपण पाठवलेल्या मसुद्यावर सही केली आहे. लाल ठिपका आपला, हे मान्य केलं आहे. रुग्णालयाला नकार कळवला.

आई म्हणाली, सही केली नाहीस तर तो परत येईल. मी त्याच भीतीने केली. आपण परतलात तर बाबांचं खिडकीजवळचं कामाचं टेबल, जिथे आता मी बसते, ते पुन्हा आपलं, आणि मी पुन्हा कोपऱ्यात.

‘अर्जदाराशी माझं कोणतंही नातं नाही’ हे वाक्य लिहिताना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, याचंच वाईट वाटतं.

शेवटी लोभ असावा असं लिहायची सवय आहे. पण अनोळखी माणसाकडे तो मागत नाहीत.

कळावे.

एक तज्ज्ञ