ग्राफिक्स कार्डाला ऊन लागू नये म्हणून

भद्रावती, मंगळवार

ति. रंभामावशीस,

दिव्यानीचा नमस्कार. आधी जे घडलं ते क्रमाने.

१. मी कॉम्प्युटरमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं.
२. कॉम्प्युटर तापू लागला.
३. घरातला एकुलता एक कूलर मी बैठकीतून माझ्या खोलीत नेला.
४. कॉम्प्युटर निवला.
५. शनिवारी कॉम्प्युटरमधून स्वयंपाकाचा वास आला.
६. आत कांदा होता.
७. आई तुझ्याकडे निघून आली.

तुझे गुडघे कसे आहेत? मावसाजींचा खोकला गेला का? पत्र लिहायचं कारण असं की तुझा फोन आई उचलते आणि दर वेळी तू आंघोळीला गेलीस म्हणून सांगते. (मे महिन्यात चंद्रपूरच्या नळांना इतकं पाणी असेल तर आनंदच आहे.) म्हणून हे पत्र शेजारच्या लोकेशच्या हाती देते आहे. ते फक्त तुलाच द्यायचं, असं त्याला बजावलं आहे.

माझं काम तुला माहीत आहे. जंगलात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो येतात आणि त्यात वाघ कुठला, रानडुक्कर कुठलं हे कॉम्प्युटरने ओळखायचं असतं. (बहुतेक वेळा वाऱ्याने हललेलं गवत असतं.) त्यासाठी हे कार्ड. कार्ड म्हणजे डब्यात ठेवलेली शेगडीच समज. त्याला स्वतःचे पंखे असतात, पण ते डब्यातलीच गरम हवा ढवळत बसतात. म्हणून पुढून गार हवा आत आणि मागून गरम हवा बाहेर जाईल असे आणखी दोन पंखे मी बसवले, डबा भिंतीपासून लांब सरकवला. सगळं पुस्तकाप्रमाणे. पुस्तकात खोलीचं तापमान पंचवीस धरलेलं असतं. ज्याने धरलं तो उन्हाळ्यात भद्रावतीला आलेला नसावा. म्हणून कूलर आणला. ओली हवा थेट आत जाऊ नये यासाठी तो दारापाशी ठेवला. कार्ड अठ्ठ्याऐंशीवरून पंच्याऐंशीवर आलं. गुरुवारी मी पंख्यांचा वेग बदलला आणि ते एकदम पंचाहत्तरवर उतरलं. ही पद्धत मी ऑफिसला सविस्तर लिहून पाठवली. ती सगळ्यांना दाखवावी म्हणून त्यांनी शनिवारी ऑनलाइन मीटिंग ठेवली.

वास त्या मीटिंगमध्येच आला. कार्ड जळालं असं वाटून मी कॅमेऱ्यासमोरच डब्याचं झाकण काढलं. कार्डाच्या पाठीवर मधोमध कांदा बसवलेला होता. भाजलेला नव्हता, वाफवलेला होता. त्याचं पाणी एक बोट पुढे सरकलं असतं तर कार्ड गेलं असतं. हा अडाणीपणा कोणी केला, असं मी विचारलं. माइक चालू होता. आई पन्ह्याचा पेला घेऊन दारात उभी होती.

"मी ठेवला," ती म्हणाली. "तापून राह्यला बिचारा, त्याले ऊन लागलं तं? तुह्या पर्समंदी रोज ठेवतो, तवा नाई म्हणत अडाणी."

पन्हं तिने कॉम्प्युटरपासून लांब ठेवलं (हे माझ्या नंतर लक्षात आलं) आणि पिशवी घेऊन बस गाठली.

मी कांदा फेकला, झाकणाचे चारही स्क्रू घट्ट आवळले. संध्याकाळी कार्ड पुन्हा पंच्याऐंशीवर. बाबा म्हणाले, "कांदा काढला न तू. भोग आता." ही गोष्ट त्यांनी कॉलनीभर सांगितली आहे. समोरच्या निकेशभाऊंनी टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर कांदा ठेवला आहे आणि चित्र सुधारलं असं ते शपथेवर सांगतात.

मी दोन्ही बाजूंनी तपासलं. झाकण बंद, आत बशीत कांदा : पंच्याऐंशी. झाकण सैल, कांदा नाही : पंचाहत्तर. म्हणजे गुरुवारी कांदा ठेवताना आईने झाकण काढलं होतं आणि स्क्रू न लावता नुसतं टेकवून ठेवलं होतं. गरम हवा त्या फटीतून जात होती. माझ्या पंख्यांच्या वेगाने काहीच झालं नव्हतं. थोडक्यात, यात कांद्याचा काहीही संबंध नाही. आईचा आहे. हे तिला एवढ्याच शब्दांत सांगावं. जास्त काही सांगायची गरज नाही.

तुझी
दिव्यानी

ता. क. झाकण आता कायमचं काढलं आहे, त्यामुळे कूलरची गरज उरली नाही. तो बैठकीत, आई बसते त्या बाजूला तोंड करून ठेवला आहे. समोर कोणी बसत नाही.

ता. क. २. ऑफिसला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. त्यात 'अडाणीपणा' हा शब्द मी माझ्या पद्धतीसाठी वापरला आहे. आईला हवं असेल तर प्रत पाठवते.

ता. क. ३. काल मी तुमच्याकडेच यायला निघाले होते. बसची वाट बघताना चक्कर आली, लोकेशने घरी आणून सोडलं. ऊन लागलं होतं. घरी येऊन पर्स उघडून पाहिली. तिच्यात कांदा नव्हता. मी तो कधी ठेवत नाही, आईच ठेवते. कांद्याने ऊन लागत नाही याला कुठलाही पुरावा नाही. तरी हे आईला सांगू नकोस. सांगितलंस तर माझी हरकत नाही. ती कधी येते ते शुक्रवारपर्यंत कळव.